विश्लेषण : फाइल ‘झिप’ करायला पैसे मोजावेत का?

निविदेपासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळीकडे फाइल लहान करून मागतात. त्यासाठी विनरार विकत घ्यावे, सेव्हन-झिपवर भागवावे, की कुणीतरी टाकून दिलेली ‘फुल व्हर्जन’ चालू द्यावी? खान्देशातील दुकानदार, ठेकेदार आणि विद्यार्थ्यांसाठी हा हिशेब.

जळगाव असो वा धुळे, भुसावळ असो वा शिरपूर. दुकानातून संगणकावर विंडोज टाकून आणली, की पट्ट्याने बांधलेल्या तीन रंगीत पुस्तकांचे चित्र बहुतेक वेळा त्यावर दिसतेच. हे विनरार. ते पैसे देऊन घ्यायचे सॉफ्टवेअर आहे, हे वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांपैकीही अनेकांना माहीत नसते. उघडताना ‘परवाना घ्या’ अशी चौकट येते, ती बंद केली की काम सुरू. ज्यांच्याकडे ही चौकट येतच नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांनी परवाना घेतलेला नसतो. त्यांच्या संगणकावर ‘क्रॅक’ केलेली प्रत बसलेली असते.

प्रश्न किरकोळ वाटतो. पण व्यापाऱ्याचे वर्षभराचे हिशेब सीएकडे जातात ते याच मार्गाने, ठेकेदाराची निविदा जाते ती याच मार्गाने आणि ‘बिल पाठवले आहे, उघडून बघा’ असे सांगत येणारी फसवी फाइलही याच दारातून आत येते. त्यामुळे दार कुणाचे, कुलूप कुणाचे आणि किल्ली कुणाकडे, हे एकदा नीट पाहायला हवे.

फाइल लहान होते म्हणजे नेमके काय होते?

रावेरच्या केळी व्यापाऱ्याची वही डोळ्यांसमोर आणावी. ‘रावेर’, ‘केळी’, ‘क्विंटल’, ‘उधार’ हे शब्द ओळीमागून ओळी येत राहतात. हिशेबनीस दर वेळी पूर्ण शब्द लिहीत नाही; ‘वरीलप्रमाणे’ अशी खूण करून पुढे जातो. वाचणाऱ्याला खूण कळते, माहिती एका अक्षरानेही कमी होत नाही, पण शाई आणि जागा वाचते.

संगणकही तेच करतो. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या दोन इस्रायली संशोधकांनी १९७७ मध्ये ही रीत मांडली. मजकुरात आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला, तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा, इतकी अक्षरे उचल’ एवढेच लिहायचे. त्याच्या जोडीला डेव्हिड हफमन यांची १९५२ ची युक्ती येते. जे अक्षर वारंवार येते त्याला छोटी खूण, क्वचित येते त्याला मोठी. झिप फाइलच्या पोटात आजही मुख्यतः याच दोन कल्पना काम करतात.

या कल्पनांवर कोणत्याही एका कंपनीची मालकी उरलेली नाही. पैशाच्या सॉफ्टवेअरमध्ये काही गुप्त जादू असते आणि फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ती नसते, असे म्हणूनच नाही. आकाराच्या बाबतीत तर फुकटचे सेव्हन-झिप त्याच्या स्वतःच्या ‘सेव्हन-झेड’ प्रकारात झिपपेक्षा सहसा अधिक लहान फाइल करून देते.

मग फोटो आणि पीडीएफ लहान का होत नाहीत?

सर्वाधिक निराशा इथे होते. मोबाइलने काढलेले ५० फोटो झिप केले, तरी आकार जवळपास तेवढाच राहतो. कारण जेपीजी फोटो, एमपी-फोर व्हिडिओ आणि एमपी-थ्री गाणी मुळातच दाबून बसवलेली असतात. पिळलेल्या उसातून दुसऱ्यांदा किती रस निघणार? २००७ नंतरच्या वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींचेही तेच. डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स या फाइली आतून झिपच असतात. जुन्या एक्सएलएस फाइली, साधा मजकूर आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या टेक्स्ट याद्या मात्र झिप केल्यावर चांगल्याच आक्रसतात.

स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे प्रत्यक्षात फोटोंचा गठ्ठाच. ती लहान करायची तर झिप उपयोगाची नाही. स्कॅन करतानाच काटकसर करावी लागते. छापील कागदासाठी रंगीत ३०० डीपीआयऐवजी काळ्या-पांढऱ्या रंगात कमी डीपीआयवर स्कॅन केले, तर आकार अनेक पटींनी उतरतो. केंद्र सरकारच्या ई-निविदा पोर्टलवरील सूचनांतही १०० डीपीआय आणि काळा-पांढरा पर्याय सुचवलेला असतो, तो यासाठीच. बँक भरती घेणाऱ्या आयबीपीएसला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबीत हवी असते. तिथेही झिप करून काही साधत नाही, चित्राची लांबी-रुंदी आणि दर्जाच कमी करावा लागतो.

हा फरक एरवीही लक्षात ठेवण्यासारखा आहे. झिप, रार, सेव्हन-झेड यांत काहीच गळत नाही. उघडल्यावर फाइल जशीच्या तशी परत मिळते. फोटो किंवा पीडीएफ ‘कमी केबी’ची केली, की तपशील कायमचा जातो. अर्जासाठी ते चालते. पण घरातील जुनी खरेदीखते, सातबाऱ्याचे जुने उतारे किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेत जपले जातात तसे मोडी कागद स्कॅन करायचे असतील, तर मूळ मोठी फाइल बाजूला सुरक्षित ठेवूनच तिची छोटी प्रत काढावी.

झिप आणि रार यांत फरक काय?

सशुल्क की मोफत, या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे.

झिप हा प्रकार अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणला. त्यांच्या पीकेवेअर कंपनीने सॉफ्टवेअर विकले, पण झिप फाइलची रचना कशी असते, याचा तपशील सर्वांसाठी खुला ठेवला. त्यामुळे झिप बनवणारे आणि उघडणारे सॉफ्टवेअर कुणालाही लिहिता आले. आज विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन अशा सगळीकडे झिप उघडते, ती या मोकळेपणामुळे. आधार क्रमांकाची ऑफलाइन ई-केवायसी फाइल यूआयडीएआयकडून झिपमध्येच मिळते आणि जीएसटीचे ऑफलाइन टूलही झिप होऊनच उतरते.

रार हा प्रकार रशियातील यूजीन रोशाल यांनी १९९३ मध्ये आणला. विंडोजवरचे विनरार १९९५ मध्ये आले. रार ‘उघडण्याचा’ सांकेतिक मजकूर सर्वांना मोफत मिळतो, म्हणून सेव्हन-झिपसह अनेक मोफत सॉफ्टवेअर रार उघडू शकतात. पण तोच मजकूर वापरून रार ‘बनवणारे’ सॉफ्टवेअर तयार करण्यास परवान्यात मनाई आहे. म्हणजे रार कुणीही उघडावी, पण रीतसर बनवायची तर रोशाल यांच्याच सॉफ्टवेअरमधून.

गणित असे आहे. झिप किंवा सेव्हन-झेड फाइल बनवायला आणि कोणतीही फाइल उघडायला एक रुपयाही लागत नाही. संगणकावर रार फाइल बनवत राहायची असेल, तरच परवान्याचा प्रश्न येतो.

‘फुकट’ किती प्रकारचे असते?

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र फुकटचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिघांना एकाच टोपलीत टाकले जाते.

पहिला प्रकार खरोखर मोफत. सेव्हन-झिप हे त्याचे ठळक उदाहरण. इगोर पावलोव्ह यांनी १९९९ पासून ते चालवले आहे. त्याचा सांकेतिक मजकूर खुला आहे. घरी, दुकानात, कारखान्यात, सरकारी कचेरीत कुठेही आणि कितीही संगणकांवर ते वापरता येते. नोंदणी नाही, चाचणीची मुदत नाही, जाहिरात नाही. दिसायला ते जुनाट आहे, बटणांची रचनाही ओबडधोबड वाटते, एवढीच तक्रार करता येईल. थोडी नीटस मांडणी हवी असल्यास पीझिप हेही याच जातीचे मोफत सॉफ्टवेअर आहे.

दुसरा प्रकार चाखून पाहण्यापुरता मोफत. विनरार ४० दिवस वापरून पाहता येते. पुढे ते बंद पडत नाही. फक्त आठवण करून देणारी चौकट येत राहते. बंद पडत नाही म्हणून ते मोफत ठरत नाही. ४० दिवसांनंतर वापरायचे तर परवाना घ्यावा, अशी त्याची अट आहे. धंद्यासाठी वापरणाऱ्याने तर ती अंगाला लावून घ्यायलाच हवी. विनझिपचेही चाचणी काळानंतर पैसे पडतात. १९९१ मध्ये निको मॅक यांच्या कंपनीने आणलेले हे सॉफ्टवेअर २००६ पासून कोरेल समूहाकडे आहे.

तिसरा प्रकार चोरीचा. ‘फुल व्हर्जन’, ‘की-सह’, ‘लाइफटाइम अ‍ॅक्टिव्हेटेड’ अशा नावांनी ते मिळते. दुकानात संगणक दुरुस्तीच्या बिलात ते ‘फ्री’ म्हणून जोडले जाते, किंवा टेलिग्रामच्या एखाद्या चॅनलवरून उतरवले जाते. सर्वांत महाग पडते ते हेच.

क्रॅक महाग कसे पडते?

कुलूप तोडणारा माणूस आत येताना सोबत काय आणतो, हे कुणी तपासत नाही. क्रॅक चालवताना बहुतेक वेळा आधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ असे सांगितले जाते. म्हणजे राखणदाराला सुट्टी द्यायची आणि अनोळखी माणसाला तिजोरीच्या खोलीत सोडायचे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारे, टंकलेखन टिपणारे किंवा सगळ्या फाइलींना कुलूप ठोकून खंडणी मागणारे प्रोग्रॅम अशा क्रॅकमधून पसरवले जातात. ज्या संगणकावरून नेट बँकिंग चालते, जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात आणि डिजिटल सहीचा टोकन लागतो, त्यावर ही जोखीम घ्यायची कशासाठी? जे काम सेव्हन-झिप रीतसर मोफत करते, त्याच कामासाठी.

दुसरी बाजू कायद्याची. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. नफ्यासाठी किंवा व्यापारात वापर झालेला नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर थांबू शकते. ही सवलत घरगुती वापराला मिळू शकते, दुकानाला किंवा कारखान्याला नाही. दुकानातील संगणकावर क्रॅक कुणी टाकला, हा प्रश्न वेगळा. वापरणारा कोण, हे कायदा आधी पाहतो.

पैसे मोजले की सुरक्षितता मिळते का?

आपोआप नाही. गेल्या काही वर्षांतला अनुभव पाहण्यासारखा आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने विनरारमधील एक जुनी त्रुटी उघड केली. ‘एस’ नावाच्या, कुणी फारसा वापरत नसलेल्या फाइल प्रकाराशी संबंधित ही त्रुटी १९ वर्षांहून अधिक काळ तशीच पडून होती. ऑगस्ट २०२३ मध्ये दुसरी त्रुटी दुरुस्त झाली. त्या त्रुटीत फाइलीच्या यादीत दिसणाऱ्या साध्या चित्रावर क्लिक केले, की मागे लपवलेला प्रोग्रॅम चालू होत असे. शेअर आणि चलन बाजारात व्यवहार करणाऱ्यांना त्याच वर्षी एप्रिलपासून तिच्या आधारे लक्ष्य केले गेले होते. जुलै २०२५ मध्ये तिसरी मोठी दुरुस्ती आली. त्या वेळी नोकरीच्या अर्जाचे रूप घेऊन आलेल्या रार फाइलींतून हल्ले होत असल्याचे ईसेट या कंपनीने दाखवून दिले. ती दुरुस्ती विनरारच्या ७.१३ या आवृत्तीत आहे.

सेव्हन-झिपही यातून सुटलेले नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीला विंडोज ‘बाहेरची’ अशी खूण लावते आणि उघडताना इशारा देते. एका फाइलीत दुसरी फाइल बांधून आली, तर सेव्हन-झिप ही खूण आतल्या फाइलीपर्यंत पोहोचवत नव्हते. नोव्हेंबर २०२४ च्या २४.०९ या आवृत्तीत ते सुधारले गेले.

मेख अशी की, ही दोन्ही सॉफ्टवेअर स्वतःहून अद्ययावत होत नाहीत. वापरणाऱ्याने संकेतस्थळावर जाऊन नवी आवृत्ती उतरवायची असते. २०१८ मध्ये टाकलेले विनरार २०२६ मध्येही तसेच चालते आणि त्यातील भोकेही तशीच राहतात. क्रॅक केलेली प्रत वापरणारा तर नवी आवृत्ती घेतच नाही, कारण तसे केले की क्रॅक निघून जातो. पैसे दिले की नाही यापेक्षा आवृत्ती कोणत्या सालची आहे, यावर सुरक्षितता अधिक अवलंबून असते.

मोफत सॉफ्टवेअरची एक नाजूक बाजूही सांगायला हवी. मार्च २०२४ मध्ये लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या मोफत संक्षेप प्रणालीत चोरदरवाजा बसवल्याचे आढळले. एका स्वयंसेवकाच्या खांद्यावर वर्षानुवर्षे असलेल्या या कामात एका अनोळखी ‘मदतनिसा’ने हळूहळू विश्वास कमावून तो घुसवला होता. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या यंत्रणेत लॉगिनला किंचित उशीर लागतोय असे जाणवले, म्हणून तो सापडला. मजकूर खुला होता, म्हणून तो शोधता आला. पण जग ज्यावर चालते, ते काम एकटा माणूस विनामोबदला करत होता, हेही त्यातून दिसले. मोफत सॉफ्टवेअरवर धंदा चालवणाऱ्याने त्याच्या निर्मात्याला जमेल तशी देणगी द्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मग पैसे कधी मोजावेत?

काही कामांत विनरारचा परवाना पैसे वसूल करून देतो.

पहिले म्हणजे, समोरची संस्था रार फाइलच मागत असेल आणि हे काम वारंवार येत असेल. दुसरे, ‘रिकव्हरी रेकॉर्ड’ची गरज असेल. रार बनवताना थोडी जादा माहिती जोडता येते. पुढे पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर फाइलीचा काही भाग खराब झाला, तर तिच्या आधारे तो दुरुस्त होऊ शकतो. लग्नाचे फोटो वर्षानुवर्षे जपणारे स्टुडिओ किंवा जुने नकाशे सांभाळणारे अभियंते यांना ही सोय कामाची आहे. सेव्हन-झिपमध्ये ती नाही. तिसरे, कार्यालयात अनेक संगणक असतील आणि अडचण आल्यावर कुणाला तरी जबाबदार धरायचे असेल. परवान्यासोबत बिल मिळते, ते हिशेबात दाखवता येते आणि कंपनीला प्रश्न विचारण्याचा हक्कही मिळतो.

विनरारचा परवाना एकदाच घ्यायचा असतो. दर वर्षी नूतनीकरणाची कटकट नाही. विनझिप आता वार्षिक वर्गणीवरही विकले जाते, त्यामुळे घेण्यापूर्वी ‘एकदाच की दर वर्षी’ हे वाचावे. खरेदी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी. एखाद्या संकेतस्थळावर परवान्याची ‘की’ शंभर-दोनशे रुपयांत मिळत असेल, तर ती बहुधा चोरीचीच असते.

वरील तीनपैकी एकही गरज नसेल, तर पैसे मोजण्याचे कारण नाही.

मोबाइलवर आणि नव्या विंडोजवर काय?

अनेकांना आता वेगळे सॉफ्टवेअर लागतच नाही. विंडोजमध्ये झिप बनवण्याची आणि उघडण्याची सोय विंडोज एक्सपीच्या काळापासून आहे. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून रार आणि सेव्हन-झेड फाइलीही थेट उघडतात. पासवर्ड लावलेली रार आली, तर मात्र सेव्हन-झिपसारखे सॉफ्टवेअर हाताशी असावे. विंडोज १० ला रार उघडता येत नाही. शिवाय विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही दुकानातील जुना संगणक चालवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

अँड्रॉइडवर ‘फाइल्स बाय गुगल’ हे अ‍ॅप झिप उघडते. आयफोनच्या ‘फाइल्स’मध्ये झिप उघडता येते आणि बनवताही येते. मोबाइलवर रार फाइल आलीच, तर विनरार बनवणाऱ्या रारलॅबचेच ‘रार’ हे अ‍ॅप प्ले स्टोअरवर जाहिरातींसह मोफत मिळते. प्ले स्टोअरवर ‘झिप’ शोधल्यावर येणारी बाकी डझनावारी अ‍ॅप उतरवण्याआधी ती संपर्क यादी, लोकेशन वगैरे परवानग्या मागतात का, ते पाहावे. फाइल उघडणाऱ्याला मामाचा नंबर कशाला हवा?

पाठवण्याच्या मर्यादाही बदलल्या आहेत. जीमेलवर २५ एमबीपर्यंतच जोडता येते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाइल जाते. फोटोचा मूळ दर्जा राखायचा, तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. केवळ आकारासाठी झिप करण्याची गरज त्यामुळे कमी झाली आहे. अनेक फाइली एका गाठोड्यात बांधणे आणि त्याला पासवर्ड लावणे, यासाठी ती उरली आहे.

पीडीएफ लहान करणारी मोफत संकेतस्थळे वापरावीत का?

अर्ज भरणारा विद्यार्थी सर्वांत आधी तिथेच जातो. ‘पीडीएफ कॉम्प्रेस’ असे शोधायचे, पहिले संकेतस्थळ उघडायचे आणि आधार, पॅन, जातीचा दाखला, गुणपत्रिका त्यावर चढवायची. फाइल लहान होऊन परत येते. मूळ प्रत त्यांच्याकडे किती काळ राहते आणि तिचे काय होते, हे कळायला त्यांच्या शब्दाशिवाय मार्ग नसतो. प्रसिद्ध कंपन्या काही वेळाने फाइल पुसल्याचे सांगतात. अनोळखी संकेतस्थळांची खात्री कुणीच देत नाही.

ओळखपत्रे, बँक पासबुक, करारनामे यांसाठी हा मार्ग टाळावा. मोबाइलमधील स्कॅनरच्या सेटिंगमध्ये दर्जा कमी करून स्कॅन केले, तरी बहुतेक अर्जांची मर्यादा पाळता येते. आधार द्यायचेच असेल आणि चालत असेल, तर शेवटचे चार अंकच दिसणारे ‘मास्क्ड आधार’ वापरावे. सेवा केंद्रातून अर्ज भरला असेल, तर काम झाल्यावर तिथल्या संगणकावरील आपल्या फाइली पुसायला सांगायला संकोचू नये.

पासवर्ड लावला की फाइल सुरक्षित?

कोणता पासवर्ड आणि कोणत्या पद्धतीने लावला, त्यावर ते ठरते. विंडोजच्या अंगभूत झिपमध्ये पासवर्ड लावण्याची सोयच नाही. सेव्हन-झिपमध्ये झिप बनवताना ‘झिपक्रिप्टो’ आणि ‘एईएस-२५६’ असे दोन पर्याय दिसतात. पहिला जुना आणि कच्चा, दुसरा पक्का. झिपमध्ये पासवर्ड असूनही आतल्या फाइलींची नावे दिसतात. ‘अमुक यांचा पगार’ असे नावच सगळे सांगून जाते. नावे लपवायची तर सेव्हन-झेड किंवा रार प्रकार निवडून ‘फाइलींची नावेही लपवा’ हा पर्याय लावावा लागतो. आणि फाइल ईमेलने पाठवून त्याच ईमेलमध्ये खाली पासवर्ड लिहू नये. तो फोनवर सांगावा.

सरकारी निविदेत रार कशासाठी?

केंद्रीय सार्वजनिक खरेदी पोर्टलवरील निविदांच्या नेहमीच्या सूचनांत कागदपत्रे पीडीएफ, एक्सेल, रार, जेपीजी अशा प्रकारांत असावीत, असे लिहिलेले असते. महाराष्ट्राचे ‘महाटेंडर्स’ पोर्टलही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या याच प्रणालीवर चालते. त्यामुळे रस्ता, गटार, शाळाखोलीच्या कामाची निविदा भरणाऱ्या ठेकेदाराला कधी ना कधी रार बनवावी लागते.

केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. २०१५ मध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचेही धोरण आणले. नागरिकाला सरकारशी व्यवहार करण्यासाठी एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून राहावे लागू नये, हा त्यामागचा विचार. रार हा प्रकार त्या विचारात बसत नाही. मोठा कंत्राटदार परवाना घेईल, त्याला ती रक्कम जाणवणारही नाही. पारोळ्याचा किंवा साक्रीचा लहान ठेकेदार, पहिल्यांदा निविदा भरणारी मजूर संस्था किंवा महिला बचत गट यांच्यापुढे मात्र तीन वाटा उरतात. एका निविदेसाठी परवाना विकत घ्यायचा, ४० दिवसांची मुदत संपल्यावरही तसेच वापरत राहायचे किंवा क्रॅक टाकून घ्यायचा. बहुतेक जण दुसरी किंवा तिसरी वाट धरतात, यात त्यांचा दोष किती आणि सूचना लिहिणाऱ्याचा किती?

उपाय अवघड नाही. जिथे रार चालते तिथे झिपही चालेल, एवढी एक ओळ सूचनांत जोडावी लागेल. प्रणाली केंद्राची असल्याने निर्णय तिथेच व्हावा लागेल. पण कोणते कागद कोणत्या प्रकारात मागायचे, हे निविदा काढणारे कार्यालय ठरवते. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा परिषदा, महापालिका आणि विद्यापीठ यांनी आपापल्या निविदांत पीडीएफला प्राधान्य दिले आणि रारची सक्ती टाळली, तरी लहान ठेकेदारांची मोठी अडचण दूर होईल. कार्यालयांतील संगणकांवर कोणती आवृत्ती आहे, हेही याच निमित्ताने तपासून घेता येईल. नागरिकांना सायबर सुरक्षेचे धडे देणाऱ्या यंत्रणेने सुरुवात आपल्या टेबलापासून केली, तर ते शोभून दिसेल.

कुणी काय करावे?

• विद्यार्थी आणि घरगुती वापर : विंडोज किंवा मोबाइलमधील अंगभूत झिप पुरेशी. जास्त काही लागल्यास सेव्हन-झिप.

• दुकानदार आणि छोटे उद्योग : सेव्हन-झिप. सीएकडे हिशेब पाठवताना एईएस-२५६ पासवर्ड. क्रॅक केलेले विनरार आजच काढावे.

• वारंवार रार बनवणारे ठेकेदार : विनरारचा परवाना घ्यावा, तो धंद्याचा खर्च आहे.

• फोटो स्टुडिओ, वास्तुविशारद, अभियंते : जुना संग्रह जपायचा तर ‘रिकव्हरी रेकॉर्ड’साठी विनरार विचारात घ्यावे. तरीही दुसऱ्या डिस्कवर एक प्रत हवीच.

• संगणक दुरुस्ती करणारे : विंडोजसोबत क्रॅकऐवजी सेव्हन-झिप टाकून द्यावे. ग्राहकाचे पैसे वाढत नाहीत, दुकानदाराची जोखीम घटते.

• सर्वांसाठी : अनोळखी क्रमांकावरून किंवा ईमेलवरून आलेली ‘बिल’, ‘नोटीस’, ‘लग्नपत्रिका’ नावाची झिप किंवा रार उघडू नये. आतून ‘ईएक्सई’, ‘बॅट’ किंवा ‘एपीके’ने संपणारी फाइल निघाली, तर ती चालवू नये.

संगणकावर सध्या काय आहे, हे पाहायला मिनिटही लागत नाही. सॉफ्टवेअर उघडून ‘हेल्प’ आणि मग ‘अबाउट’ दाबले, की आवृत्तीचा क्रमांक दिसतो. विनरार ७.१३ पेक्षा किंवा सेव्हन-झिप २४.०९ पेक्षा जुने असेल, तर नवी आवृत्ती अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. सेव्हन-झिपचा खरा पत्ता ‘डॉट ओआरजी’ने संपतो, सारख्या दिसणाऱ्या नावांपासून सावध राहावे. संशयास्पद फाइल उघडल्यानंतर खात्यातून पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळवले, तर रक्कम पुढे जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता अधिक असते.